वाढीव मास्तरांची जागा

बाजाराच्या चढावर अर्ध्यात आलो आणि मास्तरांनी पुन्हा हातगाडी थांबवली.

"ताई, चाकाला दगड लावा जरा."

मी दगड शोधून चाकाखाली सारला आणि गाडीवर सुतळीनं बांधलेल्या शिलाई मशीनला पाठ टेकवून उभी राहिले. दम लागला म्हणून ते थांबले असते तर माझी तक्रार नव्हती. आम्ही दोघंही साठी ओलांडलेली माणसं. पण समोरून वह्या-पुस्तकांच्या दुकानाचा मालक येत होता, आणि त्यानं विचारपूस केल्याशिवाय मास्तरांचं पाऊल पुढं पडणार नव्हतं.

"काय मास्तर, निघालात?"

"निघालो कसला? तात्पुरता हलतोय. इमारत झाली की माझी जागा तयार आहे."

"पक्की?"

"माईकवर सांगितलंय त्यानं. तुम्हीपण होतात की सभेला."

"होतो, होतो," असं म्हणून मालकानं मशीनच्या चाकावर हात ठेवला आणि आजारी माणसाला बघायला आल्यासारखा चेहरा केला. "फार सेवा केली हो यानं."

"ते अजून मेलं नाही," मी म्हटलं. "पण आणखी थोडा वेळ उन्हात उभं केलंत तर माझी खात्री देता येणार नाही. चला मास्तर."

शाळेच्या फाटकापासून घरापर्यंत यायचं म्हणजे गावाची अख्खी लांबी चालायची. त्यात मास्तरांनी मुद्दाम आतला रस्ता न धरता मोठा रस्ता धरला होता. बँकेसमोर थांबले, दवाखान्यासमोर थांबले, केस कापणाऱ्याच्या दुकानात डोकावून थांबले. सगळीकडे तेच. निघालात? तात्पुरता. पक्की? माईकवर. मध्ये देऊळ लागलं तेव्हा मी बाहेरूनच हात जोडले. म्हटलं, देवा, या माणसाला त्याची जागा मिळू दे, आणि तुझ्याकडं शिल्लक असेल तर थोडी अक्कलही दे.

मास्तर म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. शाळेच्या आवारात सायकली लावायची जी शेड होती, तिच्या टोकाला पत्र्याचा आडोसा करून ते बसायचे आणि पोरांचे गणवेश शिवायचे. लग्नाआधीपासून तिथंच. शाळा बंद पडली, आवार विकलं गेलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेडवर जेसीबी चालणार होता. धाकटीचे गुडघे गेलेले, मुलं नोकरीसाठी परगावी, म्हणून गाडी ढकलायला मी. निघताना धाकटीनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "ताई, लक्ष ठेव यांच्यावर. वाटेत कुणी चार गोड शब्द बोललं की मशीन त्यालाच देऊन हात हलवत घरी येतील."

गावात त्यांना 'वाढीव मास्तर' म्हणतात. मास्तर म्हणजे टेलर मास्तर, पण शाळेच्या आवारात इतकी वर्षं बसल्यामुळं त्यांची स्वतःची समजूत जरा निराळी झाली होती. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत ते चहाला जायचे आणि निकालाच्या दिवसात "यंदा पोरांनी मेहनत घेतली नाही," असं खऱ्या मास्तरांच्या आधी म्हणायचे.

आणि 'वाढीव' कशामुळं, तेही सांगते. त्यांच्या शिलाईबद्दल चांगलं सांगावं असं फार काही नाही. बहिणीचा नवरा आहे म्हणून खोटं कशाला बोलू? शिवण सरळ असायची, बटणं घट्ट असायची, पण माप म्हणून जे असतं ते त्यांनी कधी मुलाचं घेतलंच नाही. पोरगं समोर उभं राहिलं की त्याच्याकडं न बघता विचारायचे, "वडील केवढे आहेत?" आई हात वर करून दाखवायची, एवढे. मास्तर मान हलवायचे आणि बापाच्या दिशेनं कापड कापायचे. "वाढतं अंग आहे," म्हणायचे. पहिलीतलं पोर नव्या शर्टात शिरलं की आत दिवाणखान्याएवढी जागा उरायची. हात बाहेर काढायला दुसऱ्याची मदत लागायची. चड्डीच्या आत दुमडून ठेवलेलं कापड दर वर्षी थोडं थोडं सोडायचं, आणि चौथीपर्यंत ते पोर त्या कपड्यात मावायला लागायचं. तोवर कापड विरलेलं असायचं. म्हणजे आमच्या गावात एकाही मुलानं अंगाला बसेल असा धड कपडा कधी घातला नाही. आधी तो मोठा, नंतर तो जुना.

आजही गावातल्या कुठल्याही चाळिशीपुढच्या माणसाला बघा. बोलायला लागायच्या आधी बाह्या मागं सारतो. अर्ध्या बाह्यांचा शर्ट असला तरी सारतो.

आयांना मात्र मास्तर फार आवडायचे. एका गणवेशात तीन वर्षं काढणारा माणूस कुठल्या आईला नको असेल? मग गावाजवळ हायवेला ती पिवळ्या बसची इंग्रजी शाळा निघाली. तिथला गणवेश मोठ्या शहरातून प्लास्टिकच्या पिशवीत बंद होऊन यायचा, अगदी मापात. शेजारच्या मुलाला तो घातलेला बघून मास्तरांनी त्याला दोन्ही खांद्यांना धरून उजेडात उभं केलं. मागून बघितलं, पुढून बघितलं.

"हे तर मुलाच्याच मापाचं आहे," ते त्याच्या आईला म्हणाले. "पुढच्या वर्षी काय करणार?"

"दुसरा घेणार."

मास्तरांनी त्याचे खांदे सोडले. त्या दिवशी जेवताना त्यांनी धाकटीला सांगितलं म्हणे की शाळा आता टिकत नाही.

आणि नाहीच टिकली. आधी पाचवीची तुकडी गेली, मग आठवी, मग वर्गात मुलांपेक्षा बाकं जास्त झाली. शेवटच्या निरोपाच्या सभेला मात्र आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. मी स्वतः त्या शाळेत शिकले, म्हणून गेले होते. बघते तर ज्यांनी आपली पोरं पहिल्या दिवसापासून पिवळ्या बसमध्ये कोंबली, ती माणसं सगळ्यांत पुढं बसून रुमालाला डोळे पुसत होती. एकजण तर "आपल्या भाषेतली शाळा गेली हो," म्हणून हुंदके देत होता आणि मध्येच मुलाला दटावत होता, "सिट प्रॉपरली!"

त्या सभेतच तो उठला. आवार विकत घेणारा बिल्डर. आता त्याला सगळे साहेब म्हणतात, पण आमच्या पिढीला तो शेंबड्या म्हणूनच माहीत. लहानपणी त्याचं नाक बारमाही वाहायचं आणि मास्तरांनी शिवलेल्या लांब बाहीचा खरा उपयोग काय, ते त्यालाच पहिल्यांदा कळलं. मास्तर अभिमानानं सांगतात, "त्याचं नाक मी पुसलंय. म्हणजे माझ्या बाहीनं."

साहेब माईकवर म्हणाले, शाळा पडणार नाही, शाळा नव्या रूपात उभी राहणार. खाली दुकानं, मध्ये ऑफिसं, वर फ्लॅट. पण आत्मा शाळेचाच. मग त्यांची नजर शेडजवळ उभ्या असलेल्या मास्तरांवर गेली. गळा दाटला की दाटवला, देव जाणे. म्हणाले, "आणि आपले टेलर मास्तर! मास्तर, तुमची जागा पक्की. तुमच्याशिवाय ही शाळा कसली?"

टाळ्या पडल्या. मास्तर रडले. मी धाकटीकडं बघितलं. ती एकटीच टाळ्या वाजवत नव्हती.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "अहो, जागा पक्की म्हणजे कुठली? दुकान देणार का? केवढं?"

"आता लगेच असं विचारतात का? अख्ख्या गावासमोर बोललाय तो. माईकवर."

"आणि माईक बंद झाल्यावर काय बोलला?"

"तुझा माणसांवर विश्वासच नाही."

"माणसांवर आहे. माईकवर नाही."

तर असं ते मशीन हातगाडीवरून घरी आलं. घरात जागा एकच होती, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधला बोळ. तिथं ते ठेवल्यावर आंघोळीला जायचं तर पोट आत घेऊन तिरकं व्हावं लागायचं. धाकटी जाता-येता कमरेला चाक लागलं की मोठ्यानं म्हणायची, "तात्पुरतं हं, तात्पुरतं!"

बोळात उजेड नव्हता, गिऱ्हाइकाला बसायला पाट ठेवायलाही जागा नव्हती. कापडाच्या दुकानाच्या मालकानं निरोप पाठवला, दुकानापुढच्या ओट्यावर बसा, माझी गिऱ्हाइकं तुमच्याकडंच पाठवतो. मास्तरांनी नाही सांगितलं. आडव्या गल्लीतली एक खोली रिकामी झाली, तीही नको म्हणाले. मी समजवायला गेले.

"मास्तर, ओटा घ्या. इमारत झाली की सोडा."

"ताई, उद्या तो म्हणाला की मास्तरांनी दुसरीकडं जागा घेतली, तर? आपणच आपली जागा सोडल्यासारखं होतं ते."

"आणि नाही दिली त्यानं, तर?"

मास्तरांनी माझ्याकडं असं बघितलं, जशी काही मी देवळात चपला घालून आले. "माझं दुसरं काय आहे हो?" ते म्हणाले. "मशीन चाललं तर मी मास्तर. नाहीतर मी तुमच्या बहिणीच्या घरातला एक म्हातारा."

त्यानंतर सकाळी देवापुढं बसले की घरच्यांची नावं घेऊन झाल्यावर मी त्या इमारतीचंही नाव घ्यायला लागले. नाव म्हणजे, त्यात 'विद्या' आहे आणि 'प्लाझा' आहे, मधलं काय ते मला अजून पाठ होत नाही. देवाला कळत असेल.

इमारत वर चढायला लागली तसे मास्तर रोज समोरच्या फुटपाथवर जाऊन उभे राहायला लागले. गवंड्यांना सूचना करायचे. कुणी विचारलं तर बोट दाखवायचे, "ती बघा, ती बहुतेक माझी." ते बोट दर आठवड्याला थोडं सरकायचं, कारण एकेका दुकानाला मालक मिळत होता. औषधवाला आला, मोबाईलवाला आला, चष्मेवाला आला. दुकानांना आकडे नव्हते. साहेबांनी त्यांना इयत्ता दिल्या होत्या. औषधवाला पहिलीत, मोबाईलवाला दुसरीत. व्यायामशाळेला दहावी. गाड्या लावायच्या तळघराला 'मैदान'. लिफ्ट थांबली की शाळेची घंटा वाजायची. आणि स्वच्छतागृहाच्या दारावर सुंदर अक्षरात 'मधली सुट्टी'. ज्या शाळेचा फळा रंगवायला कधी कुणाचा हात सैल झाला नाही, तिच्या नावानं आता काय काय रंगवलं जात होतं, ते बघत राहावं.

अशात एक दिवस साहेबांचा निरोप आला. इमारतीचे वॉचमन, लिफ्टमन, झाडूवाले, सगळ्यांना जुन्या शाळेच्या रंगाचा गणवेश करायचाय. मास्तरच शिवतील.

मास्तरांचा आनंद त्या बोळात मावेना. दिवसभर मशीन धडधडायचं. धाकटी आंघोळीला जायचीच थांबली, माझ्याकडं यायला लागली. आणि मास्तरांनी तेच केलं, जे जन्मभर केलं होतं. वॉचमन मापाला आला, बारीकसा, पन्नाशीचा माणूस. मास्तरांनी त्याच्याकडं न बघता विचारलं, "वडील केवढे होते?"

तो बिचारा वडलांच्या आठवणीनं हळवा झाला. म्हणाला, "चांगले उंचनिंच होते हो."

झालं.

कपडे पोचले त्याच दिवशी साहेबांनी बोलावून घेतलं. मास्तर मला बरोबर घेऊन गेले, कारण धाकटी आली असती तर भांडण झालं असतं. ऑफिसात वॉचमन उभा होता. म्हणजे त्याचं डोकं दिसत होतं आणि खाली कापड उभं होतं.

"मास्तर, हे काय केलंत?" साहेब ओरडले. "याचा हातच सापडत नाही. सलाम ठोकायला लावला, तर बाही माझ्या तोंडावर!"

"वाढत्या अंगाचं शिवलंय."

"पन्नास वर्षांचा आहे तो! आता कुठं वाढणार?"

मास्तरांनी जरा विचार केला. "पोट," ते म्हणाले.

वॉचमनला हसू आलं, ते त्यानं बाहीत लपवलं. भरपूर जागा होती. पण साहेबांना हसू आलं नाही. ते थंडपणे म्हणाले, "मास्तर, ही शाळा नाही. इथं लोकांनी चांगले पैसे मोजलेत. तुम्ही या आता."

परत येताना मास्तर मोठ्या रस्त्यानं आले नाहीत. आतल्या गल्लीनं आले, खाली मान घालून. धाकटीला मी सगळं सांगितलं. ती आधी म्हणाली, "मग त्याच्या वडलांनाच नोकरीला ठेवायला सांगा," आणि मग आत जाऊन रडली. मला माहीत आहे, कारण बाहेर आली तेव्हा कांदा चिरल्याचं म्हणत होती आणि घरात कांदा नव्हता.

त्या आठवड्यात शेवटच्या दुकानालाही मालक मिळाला. मास्तर फुटपाथवर जायचे बंद झाले. मशीनवर धाकटीनं धुतलेले कपडे वाळत घातले, तरी त्यांनी ते हलवले नाहीत. जेवताना विचारावं लागायचं, आणखी वाढू का? आणि हा माणूस म्हणायचा, नको.

त्यांना जागा मिळाली ती कुणाच्या दयेनं नाही, फोटोमुळं मिळाली. इमारतीची सजावट करायला शहरातून एक मुलगी येत होती. दुसरे कपडे येईपर्यंत तोच गणवेश घालून दारात उभ्या असलेल्या वॉचमनचा तिनं फोटो काढला. लोंबत्या बाह्या, ढगळ पँट, आणि आत हरवलेला माणूस. तिला तो इतका गोड वाटला की तिनं तो इंटरनेटवर टाकला आणि खाली लिहिलं, शाळेचा पहिला दिवस. हजारो लोकांना आपलं बालपण आठवलं. साहेबांना लगेच मास्तर आठवले.

या वेळी साहेब स्वतः घरी आले. बोळातून तिरके होऊन मशीन बघितलं, त्यावरचा धाकटीचा परकर बाजूला केला आणि म्हणाले, "मास्तर, मी म्हणालो नव्हतो, तुमची जागा पक्की?"

मास्तरांनी धाकटीकडं असं बघितलं की ती बिचारी चहा करायला आत गेली.

जागा खरंच दिली. अगदी दर्शनी, मुख्य दारातून आत शिरलं की डाव्या हाताला, लिफ्टच्या शेजारी. त्या दालनाला 'प्रार्थना सभागृह' म्हणतात. तिथं प्रार्थना कुणी करत नाही, लोक लिफ्टची वाट बघतात. उद्घाटनाच्या सकाळी मी, धाकटी आणि मास्तर गेलो, तर ती जागा म्हणजे एक काचेची खोली होती. तिन्ही बाजूंनी काच, वर दिवा, मागं जुन्या शेडच्या पत्र्याचा तुकडा स्वच्छ धुऊन, वार्निश मारून लावलेला. मशीन काळंभोर रंगवलेलं. बाहेर पाटी, 'आमचे टेलर मास्तर. कृपया काचेला हात लावू नये.'

"छान आहे," मास्तर म्हणाले. त्यांना खरंच छान वाटलं. ते स्टुलावर बसले, पायडलवर पाय ठेवला, आणि थांबले. "अहो साहेब, याची सुई कुठंय?"

"सुई काढलीय मास्तर. लहान मुलं येतात, कुणी हात घातला तर? आणि तेल नका घालू हं, फरशी इटलीची आहे."

"सुई नाही तर शिवू कसं?"

"शिवायचं कशाला?" साहेब प्रेमानं म्हणाले. "पहिल्या मजल्यावर बुटिक आहे. त्यांच्याशी करार झालाय, शिवायचं काम इमारतीत दुसऱ्या कुणी करायचं नाही. तुम्ही नुसतं मशीन चालवा. चाक फिरतंय ना? आवाज येतोय ना? लोकांना आवाज हवाय."

मास्तरांनी हातानं चाक एकदा फिरवून बघितलं. बाहेर पाहुणे जमायला लागले होते.

"मास्तर, शब्द द्या," साहेब म्हणाले. "सुई आणणार नाही म्हणून. मला नंतर कटकट नको."

मास्तरांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा धाकटीकडं. मग म्हणाले, "मी आणणार नाही." आणि पायडल मारायला लागले.

गर्दी झाली. ज्यांनी रुमालाला डोळे पुसले होते, ते सगळे आले होते. काचेला नाक लावून पोरांना दाखवत होते, "लुक, अवर टेलर!" फोटो काढत होते. एका लहान मुलीनं आईला विचारलं, "हे खरे आहेत?" आई म्हणाली, हो. मुलीनं विचारलं, "मग रात्री यांना कुठं ठेवतात?"

धाकटी ते ऐकून तडक घरी निघून गेली.

घरी मास्तर फुशारक्या मारायचे. "वातानुकूलित आहे. चहा आणून देतात. परवा एक जोडपं लग्नाचे फोटो काढायला आलं होतं."

"आणि काम काय करता?" धाकटी विचारायची.

"बसतो."

"ते तर घरीपण करत होतात."

मी देवाजवळ जागा मागितली होती, ती त्यानं दिली होती. आता त्यातच खोट काढायची म्हणजे कसं? एकदा मात्र सकाळी हात जोडल्यावर तोंडून निघून गेलंच, देवा, मागणं नीट सांगायला हवं होतं का रे?

काल दुपारी औषधं आणायला मी तिथल्या पहिलीत गेले होते. परतताना काचेतून मास्तरांनी हात केला. मी आत गेले. बाहेर दोन माणसं लिफ्टसाठी उभी होती, म्हणून ते पायडल मारतच बोलायला लागले, माझ्याकडं न बघता.

"ताई, वरच्या मजल्यावर त्याची आई राहते, माहीत आहे?"

"कुणाची?"

"शेंबड्याची. काकू. परवा त्या खाली आल्या उशीचा अभ्रा घेऊन. म्हणाल्या, मास्तर, शिवण उसवलीय, टीप मारून द्या. बाहेर माणसं उभी होती हो. पाच-सहा. सगळे बघत होते."

"मग?"

"मारली." त्यांनी पायाचा वेग वाढवला. "अभ्रा मशीनच्या दाबाखाली घातला, सरकवला, बाहेर काढला, घडी करून हातात दिला. त्यांना दिसत नाही फारसं. खूश होऊन गेल्या. बाहेरच्यांनी टाळ्या वाजवल्या."

मी मशीनकडं बघितलं, सुईची जागा रिकामीच होती.

"काल परत आल्या. म्हणाल्या, मास्तर, उसवली परत. मी म्हटलं, धागा कच्चा असेल काकू. पुन्हा मारली. आज सकाळी परत." चाक फिरत होतं. "आज काय म्हणाल्या ठाऊक आहे? म्हणाल्या, माझ्या पोराला तुम्ही कायम दोन मापं मोठं शिवलंत, मी कधी बोलले नाही. पण तुमची शिवण कधी उसवली नव्हती हो मास्तर. आता हात थकला तुमचा. राहू दे, मी वरच्या बुटिकमध्ये देते."

"दिला?"

"नाही. मी अभ्रा ठेवून घेतला. उद्या देतो म्हटलं." मांडीवर, टेबलाखाली, तो अभ्रा होता. फिकट निळा, एका बाजूनं पूर्ण उघडा.

"घरी न्या. धाकटी हातानं शिवून देईल."

"हातानं?" त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "त्या बोट फिरवून बघतील शिवणीवरून. त्यांना कळणार नाही, ही मशीनची नाही म्हणून?"

"मग शेंबड्याला सांगा ना सरळ. त्याच्याच आईचं काम आहे."

"सांगितलं. म्हणाला, आईला मी नव्या उश्या आणून देतो."

"मग जाताना बाजारातून एक सुई घ्या. दुकान वाटेवर आहे."

"नाही ताई. मी आणणार नाही असा शब्द दिलाय. तुमच्यासमोर दिलाय. तो शब्द माझ्याकडून मोडायचा नाही."

लिफ्टची घंटा वाजली. बाहेरची माणसं आत शिरली, दार मिटलं, आणि मास्तरांचे पाय एकदम थांबले. ते पुढं वाकून हळू आवाजात म्हणाले,

"तुम्ही कुठं दिलाय? सोळा नंबरची आणा. एक नको, पाकीटच आणा, एखादी मोडते. दारात पिशव्या तपासतात, पण तुम्ही देवाचं करणाऱ्या बाई, तुमच्या पिशवीत फुलंच असणार असं गाव धरून चालतं. फुलांच्या खाली ठेवा. आणि सकाळीच या, काकू जाग्या व्हायच्या आत."